वर्गासाठी सर्वसमावेशक चित्रपुस्तके कशी निवडावीत: नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शन

वाचनकोपऱ्यात दोन लहान मुले एक चित्रपुस्तक मध्ये ठेवून बसली की पुष्कळदा एक खेळ आपोआप सुरू होतो. पान उलटले की दोघेही चित्रावर बोट ठेवतात. "हा मी." "मग ही मी." ज्याचे बोट आधी पडेल, त्याला ते पात्र मिळते. वर्गात नव्याने शिकवू लागलेल्या शिक्षकाने हा खेळ दोन-चार दिवस बाजूला बसून नुसता पाहावा. एखादे मूल दर पानावर निःशंकपणे मुख्य पात्र घेते, एखादे मूल चित्रात कितीही माणसे असली तरी दर वेळी कुत्रा किंवा ससा घेते, आणि एखादे मूल काही वेळ पान न्याहाळून "यात मी नाहीच" असे म्हणत पुढचे पान उलटते. हे तिसरे मूल तक्रार करत नसते. आपण पुस्तकात नसणे त्याला नेहमीचेच वाटू लागलेले असते, आणि म्हणूनच ते वाक्य शिक्षकाने ऐकणे महत्त्वाचे आहे.

वर्गातील चित्रपुस्तकांमध्ये निरनिराळ्या रंगरूपाची, भाषांची, धर्मांची, आर्थिक स्थितीची, कुटुंबांची आणि शरीरांची मुले असावीत, हे आता बहुतेकांना मान्य असते. अडचण येते ती प्रत्यक्ष पुस्तक हातात घेतल्यावर. मुखपृष्ठावर पाच रंगांची पाच मुले हातात हात घालून उभी आहेत, एवढ्यावरून पुस्तक चांगले ठरत नाही, आणि मुखपृष्ठावर तसे काहीही नसलेले पुस्तक कधी कधी फार मोलाचे निघते. हा फरक ओळखण्याची नजर सरावाने येते. तो सराव कसा करावा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी: नवे घेण्याआधी असलेले मोजावे

नवी खरेदी करण्याआधी वर्गातील सगळी पुस्तके जमिनीवर मांडावीत आणि मोजावीत. आपल्याकडे "सगळ्या प्रकारची" पुस्तके आहेत असे प्रत्येकालाच वाटते, कारण वेगळे पुस्तक लक्षात राहते आणि नेहमीची वीस पुस्तके नजरेआड होतात. मोजणी केली की हा भ्रम दूर होतो.

बालसाहित्यातील उणीव लोकांच्या ध्यानात आली तीही अशाच मोजणीमुळे. अमेरिकेत नॅन्सी लॅरिक यांनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत प्रसिद्ध झालेली ५,२०६ बालपुस्तके पाहिली आणि त्यांपैकी ३४९ पुस्तकांत, म्हणजे केवळ ६.७ टक्के पुस्तकांत, एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र आहे असे १९६५ मध्ये मांडले. तेथील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील बालपुस्तक केंद्राने १९८५ पासून अशी मोजणी सुरू ठेवली. त्या केंद्राच्या २०१८ च्या आकड्यांवरून केलेले एक चित्र खूप पाहिले गेले: निम्म्या पुस्तकांत मुख्य पात्र गोरे होते, २७ टक्क्यांत प्राणी, वाहने वगैरे होती, आणि कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिन अमेरिकी व मूळनिवासी या सर्वांची पुस्तके मिळून २३ टक्के होती. म्हणजे या सगळ्या समाजांतील मुलांना पुस्तकात स्वतःसारखे मूल भेटण्यापेक्षा ससा किंवा अस्वल भेटण्याची शक्यता अधिक होती. ब्रिटनमधील प्राथमिक साक्षरतेसाठी काम करणाऱ्या एका केंद्राने २०१७ मधील पुस्तकांची अशीच पाहणी केली, तेव्हा कृष्णवर्णीय, आशियाई व इतर अल्पसंख्य वांशिक गटांतील पात्रे ४ टक्के पुस्तकांत आढळली. मुख्य पात्र अशा गटातील असलेली पुस्तके १ टक्का होती.

वर्गातील मोजणीसाठी एक आखीव कागद पुरतो. प्रत्येक पुस्तकासमोर मुख्य पात्र कोण आहे, ते मुलगा आहे, मुलगी आहे की प्राणी, त्याचे घर आणि कुटुंब कसे आहे, त्याची भाषा व समाज कोणता दिसतो, कोणा पात्राला अपंगत्व आहे का आणि असल्यास ते मुख्य पात्र आहे की मागच्या रांगेतले, एवढे लिहावे. समजा, चाळीस पुस्तके आहेत. त्यांपैकी सोळांत प्राणी, चौदांत मुलगा आणि दहांत मुलगी मुख्य आहे. त्या दहांतील सहा मुली राजकन्या किंवा पऱ्या आहेत. एकत्र कुटुंब, एकटी आई, सांभाळ करणारे आजी-आजोबा यांपैकी काहीच नसून चोवीस पुस्तकांत आई, वडील आणि दोन मुले असेच घर आहे. चष्मा लावणारे एकही मूल नाही. एवढे कागदावर उतरले की पुढे काय घ्यायचे हे वेगळे ठरवावे लागत नाही. प्राण्यांच्या पुस्तकांना स्वतंत्र रकाना देणे आवश्यक आहे. प्राण्यांच्या गोष्टी मुलांना आवडतात आणि त्या असाव्यातच, परंतु "ससा सगळ्यांचाच असतो" या समाधानावर माणसांची उणीव झाकली जाते. शिवाय प्राण्यांच्या गोष्टीतही एप्रन आईने बांधलेला असतो आणि वर्तमानपत्र वडिलांच्या हाती असते, ते आपल्या लक्षात येत नाही.

दुसरी पायरी: वर्गात कोण आहे आणि कोण नाही

अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडलेली कल्पना या विषयात सर्वत्र वापरली जाते. पुस्तक मुलासाठी आरसा असू शकते, खिडकी असू शकते आणि सरकते काचेचे दारही असू शकते. आरशात मूल स्वतःला पाहते, खिडकीतून दुसऱ्याचे जग पाहते आणि दार सरकवून त्या जगात काही काळ राहून येते. बिशप यांच्या मांडणीतील एक भाग मात्र अनेकदा सुटून जातो: ज्या मुलांना जिकडेतिकडे फक्त आरसेच मिळतात, त्यांचेही नुकसान होते, कारण जग आपल्यासारख्यांचेच आहे असा त्यांचा समज होतो.

म्हणून दोन याद्या कराव्यात. वर्गातील कोणत्या मुलांना आरसा मिळालेला नाही, ही पहिली यादी. आणि वर्गाबाहेरचे कोणते जीवन या मुलांना कधी दिसलेच नाही, ही दुसरी. सगळी मुले बऱ्यापैकी एकाच प्रकारच्या घरांतून येत असतील तर "आमच्याकडे याची गरज नाही" असे म्हणण्याचा मोह होतो. माझ्या मते अशा वर्गाला दुसऱ्या यादीची गरज सर्वांत जास्त असते.

पहिली यादी करताना एक पथ्य पाळावे. मुलाकडे पाहून त्याच्या घराविषयी तर्क करू नये. घरात कोण कोण राहते, कोणती भाषा बोलली जाते, रात्री गोष्ट कोण सांगते, हे पालकभेटीत सर्वांनाच सारखे विचारावे. आणि नवे पुस्तक आणल्यावर ते "हे बघ, तुझ्यासाठी आणले" असे म्हणून त्या एका मुलाच्या हाती कधीही देऊ नये. मी एकदा ही चूक केली आहे. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीचे एक सुंदर पुस्तक मी आणले आणि मोठ्या आनंदाने वर्गातल्या तशाच एका मुलीला सर्वांसमोर दिले. तिने ते मांडीवर पालथे ठेवले आणि केस कानावर ओढून घेतले. तेच पुस्तक पुढे महिनाभर इतर पुस्तकांमध्ये ठेवल्यावर तिने ते स्वतः काढले, आणि श्रवणयंत्राच्या चित्राचा रंग चुकला आहे, तिच्याकडे जांभळे आहे, असे शेजारच्या मुलाला बजावून सांगितले.

तिसरी पायरी: मजकूर झाकून चित्रे वाचावीत

संपूर्ण प्रक्रियेतील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि घाईत तीच गाळली जाते. आपण मोठी माणसे मजकूर वाचतो आणि चित्रावरून नजर फिरवतो. ज्याला अजून वाचता येत नाही ते मूल नेमके उलट करते. त्यामुळे मजकूर कितीही समतेचा असला तरी मूल चित्रातले तेच शिकते. पुस्तक निवडताना मजकुरावर कागदाची पट्टी ठेवावी आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत फक्त चित्रे पाहावीत.

पाहताना काही साधे प्रश्न मनात ठेवावेत. पानाच्या मध्यभागी कोण आहे आणि कडेला कोण? कोण मोठे काढले आहे? कोण काहीतरी करत आहे आणि कोण उभे राहून पाहत आहे? कोणाच्या चेहऱ्यावर स्वतःचे भाव आहेत आणि कोण केवळ हसऱ्या गर्दीचा भाग आहे? सावळी किंवा काळी पात्रे एकमेकांपासून वेगळी ओळखू येतात का, की एकच चेहरा गडद रंगाने पुन्हा पुन्हा भरला आहे? शेवटचा प्रश्न बारकाईने तपासावा. निरनिराळ्या माणसांचे नाक, केस, कपाळ, जबडा निरनिराळे असतात. चित्रकाराने केवळ त्वचेचा रंग बदलला असेल तर त्याने माणूस पाहिलेलाच नाही.

एका जोडपानाचे उदाहरण घेऊ. असे पान अनेक पुस्तकांत थोड्याफार फरकाने भेटते. मैदानाचे चित्र आहे. डावीकडे चार मुले चेंडूमागे धावत आहेत, त्यांचे पाय हवेत आहेत, केस उडत आहेत. उजव्या कोपऱ्यात झाडाखाली चाकांच्या खुर्चीतील मुलगी आहे. तिचे दोन्ही हात मांडीवर आहेत आणि ती हसत आहे. मजकूर म्हणतो, "आम्ही सगळे मिळून खेळतो." आता पट्टी ठेवून पुन्हा पाहावे. चेंडू तिच्या दिशेने येत नाही. कोणाचीही नजर तिच्याकडे नाही. तिची खुर्ची दवाखान्यात असते तशी आहे, मागे ढकलायची मूठ असलेली, आणि ढकलणारे कोणीही चित्रात नाही. म्हणजे ती तिथे आली कशी, हा प्रश्नही चित्रकाराला पडलेला नाही. रोज खुर्ची वापरणाऱ्या मुलांची खुर्ची बहुधा त्यांच्या मापाची आणि आटोपशीर असते, तिची चाके ती स्वतः फिरवतात, तिला चिकटपट्ट्या आणि चित्रे लावलेली असतात. मजकुरातील "सगळे" या शब्दाला चित्राने खोटे पाडले आहे, आणि वाचता न येणारे मूल फक्त चित्रच वाचणार आहे. हेच चित्र दुसऱ्या एका हाताने काढले असते तर ती मुलगी गोलरक्षक असती, चेंडू तिच्या छातीशी असता आणि तिचे तोंड ओरडताना उघडलेले असते.

अशा रीतीने दहा पुस्तके पाहिली की नजर तयार होते. त्यानंतर एका पुस्तकाला पाच-सात मिनिटे पुरतात.

चौथी पायरी: गोष्ट कोणाची आहे

आता पट्टी काढून मजकूर वाचावा. पहिला प्रश्न असा की गोष्टीतील अडचण कोण सोडवते. वेगळ्या समाजातील किंवा अपंगत्व असलेले मूल गोष्टीच्या मध्यभागी असूनही त्याची सुटका दरवेळी दुसरे कोणीतरी दयाळू मूल करत असेल, तर गोष्ट खरे पाहता त्या दयाळू मुलाची आहे. दुसरा प्रश्न स्वीकाराच्या अटीचा आहे. आधी सगळे हसतात, मग ते वेगळे मूल काहीतरी अचाट करून दाखवते, सर्वांचा जीव वाचवते, आणि मग त्याला खेळायला घेतात, हा साचा फार जुना आणि फार लोकप्रिय आहे. मुलापर्यंत त्यातून पोहोचणारी गोष्ट कठोर आहे: साधे राहून चालणार नाही, जागा कमवावी लागेल. तिसरा प्रश्न शेवटाचा. अपंगत्व शेवटी चमत्काराने नाहीसे होत असेल किंवा शिक्षा म्हणून आलेले असेल, तर ते पुस्तक बाजूला ठेवावे.

विशेषणे आणि क्रियापदे वेगळी पाहावीत. "बिचारा", "तरीसुद्धा", "असूनही" हे शब्द कोणाच्या वाट्याला येतात ते पाहावे. मुलगे धावतात, चढतात, बांधतात आणि मुली पाहतात, घाबरतात, मदत करतात असे होत असेल तर दोन पानांवरच ते कळते. अदलाबदलीची चाचणीही उपयोगी पडते: हेच वाक्य बहुसंख्य समाजातील मुलाबद्दल लिहिले असते तर विचित्र वाटले असते का? वाटले असते, तर आताही ते विचित्रच आहे.

न्यूयॉर्कमधील आंतरवांशिक बालपुस्तक परिषद १९६५ मध्ये स्थापन झाली. तिने १९७० च्या दशकात पुस्तके तपासण्याची दहा सोप्या मुद्द्यांची यादी तयार केली. त्या यादीतील बहुतेक प्रश्न आजही जसेच्या तसे विचारता येतात, यावरून हे साचे किती चिवट आहेत हे समजते.

पाचवी पायरी: साधा दिवस शोधावा

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवावी. सर्वसमावेशक म्हणून विकली जाणारी बरीच पुस्तके वेगळेपणाविषयी असतात: माझी त्वचा अशी का आहे, माझा भाऊ बोलत का नाही, मला दोन घरे का आहेत. ही पुस्तके आवश्यक आहेत. पण कपाटात केवळ तीच असली तर त्यातून मुलांना असे कळते की काही मुलांचे दात पडतात, त्यांची छत्री हरवते, त्यांना अंधाराची भीती वाटते, आणि काही मुलांना फक्त त्यांचे वेगळेपण असते.

म्हणून अशी पुस्तके जाणीवपूर्वक शोधावीत ज्यांत वेगळेपण आहे आणि तो विषय नाही. स्थलांतरित कुटुंबातील मुलगी पावसाच्या डबक्यात उडी मारावी की नाही या विचारात आहे. दृष्टिहीन आजोबा नातवाबरोबर लपंडाव खेळतात आणि फसवतात. स्वमग्न मुलगा आगगाडीचे डबे मोजतो आणि एक डबा कमी निघतो. गोष्ट त्या डब्याची आहे. अशा पुस्तकांचा शोध कठीण जातो, कारण पुस्तकाच्या माहितीत त्या वेगळेपणाचा उल्लेखच नसतो आणि शोधयादीत ते सापडत नाही. ते हाताळूनच मिळते. माझा स्वतःचा नियम असा आहे की वेगळेपण समजावून सांगणारे एक पुस्तक घेतले, तर त्याच गटातील मुलांच्या साध्या दिवसाची तीन पुस्तके मिळेपर्यंत तो रकाना पूर्ण झाला असे मानायचे नाही. हे प्रमाण कुठल्या संशोधनातून आलेले नाही. एखाद्या मुलाला स्वतःविषयी दुःखाखेरीज आणखी काही वाचायला मिळावे, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

याच कारणासाठी एका समाजावर एकच पुस्तक ठेवणे टाळावे. एकाच पुस्तकावर तो सगळा समाज उभा करण्याचा भार पडतो, आणि मुले त्यावरून "ते लोक असे असतात" असे ठरवून मोकळी होतात. सण आणि पारंपरिक पोशाख यांच्यापलीकडे न जाणाऱ्या पुस्तकांबाबतही हीच काळजी घ्यावी. कोणताही समाज वर्षभर सणाचे कपडे घालून वावरत नाही.

सहावी पायरी: पुस्तक कोणी केले आहे

लेखक आणि चित्रकार त्या जीवनाला जवळून ओळखतात का, हे मलपृष्ठ, लेखकाचे मनोगत आणि श्रेयपान यांवरून पाहावे. २०१५ मध्ये कॉरिन डाउव्हिस या लेखिकेने "स्वतःचा आवाज" अशा अर्थाची एक खूण समाजमाध्यमांवर सुचवली: ज्या गटातील पात्र आहे त्याच गटातील लेखकाने लिहिलेली पुस्तके त्या खुणेवरून ओळखता यावीत. ती फार पसरली, आणि तिचा दुरुपयोगही झाला. लेखकांवर आपली खासगी ओळख जाहीर करण्याचा दबाव येऊ लागला. वैविध्यपूर्ण पुस्तकांसाठी काम करणाऱ्या ज्या अमेरिकी संस्थेने तिचा प्रसार केला होता, तिनेच २०२१ मध्ये तो शब्द वापरणे थांबवले. यातून नव्या शिक्षकाने दोन्ही बाजू लक्षात घ्याव्यात. आतून लिहिलेल्या पुस्तकात असे तपशील येतात जे बाहेरच्याला सुचत नाहीत, म्हणून अशी पुस्तके कपाटात पुरेशा संख्येने असलीच पाहिजेत. तरीही लेखकाचे आडनाव हे पुस्तकाच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. चांगला बाहेरचा लेखक ज्यांच्याविषयी लिहितो त्यांच्याकडून हस्तलिखित वाचून घेतो, आणि मनोगतात तसे नमूदही करतो. चित्रपुस्तकात चित्रकारही तेवढाच महत्त्वाचा असतो. शोध घेताना त्याचे नाव विसरले जाते.

सातवी पायरी: ते चांगले पुस्तक आहे का

हा प्रश्न अखेरीस आला तरी नकाराधिकार याच प्रश्नाचा आहे. उद्देश उत्तम आणि गोष्ट कंटाळवाणी अशी पुस्तके मुले एकदा ऐकतात आणि पुन्हा मागत नाहीत. चित्रपुस्तक साधारणपणे ३२ पानांचे असते, कारण छापील कागदाच्या घड्या आठ आणि सोळा पानांच्या पटीत पडतात. एवढ्याशा जागेत उपदेशाला वाव ठेवला तर गोष्टीला जागा उरत नाही. पुस्तक घेण्यापूर्वी ते मोठ्याने वाचून पाहावे. जीभ अडखळते का, पान उलटण्याच्या क्षणी उत्सुकता राहते का, शेवटचे पान पाहिल्यावर पुन्हा पहिले पान पाहावेसे वाटते का, हे स्वतःलाच कळते.

गोष्टींबरोबर माहितीपर पुस्तकेही याच कसोट्यांवर तपासावीत. अंकलिपी, वर्णमाला, व्यवसायांची ओळख, शरीराची ओळख या पुस्तकांत डॉक्टर, वैमानिक, सफाई कामगार आणि परिचारिका म्हणून कोणाला काढले आहे ते पाहावे. ही पुस्तके मुले सर्वांत जास्त वेळा हाताळतात.

आठवी पायरी: पुस्तक प्रत्येकाला वाचता येते का

आशय सर्वसमावेशक असून पुस्तकच काही मुलांना उघडत नसेल तर काम अर्धे राहते. ब्रेल आणि मजकूर एकत्र असलेली, बोटांनी चाचपता येणारी उठावदार चित्रे असलेली, मोठ्या अक्षरांची, खूणभाषेतील चित्रे दिलेली आणि शब्दविरहित पुस्तके यांचा विचार करावा. शब्दविरहित पुस्तकांविषयी मला विशेष आस्था आहे. वर्गाची भाषा अजून न येणारे मूल त्या पुस्तकासमोर इतरांच्या बरोबरीने बसते. आपल्या भाषेत गोष्ट सांगते, आणि ती ऐकायला इतरांना थांबावे लागते. द्विभाषिक पुस्तकात दोन्ही भाषांची अक्षरे सारख्या आकाराची आहेत का, की घरची भाषा खाली बारीक छापली आहे, तेही पाहावे. मुले आकारावरून मान ओळखतात.

तरुण वाचकांसाठीच्या पुस्तकांची आंतरराष्ट्रीय संस्था, जी इबी (IBBY) या नावाने ओळखली जाते, येल्ला लेपमन यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये झुरिक येथे सुरू झाली. अपंगत्व असलेल्या मुलांसाठीच्या आणि त्यांच्याविषयीच्या उत्कृष्ट पुस्तकांची निवड ती दर दोन वर्षांनी प्रसिद्ध करते. नव्या शिक्षकाने शोधाची सुरुवात तिथून करावी. मुक्त परवान्याखाली अनेक भाषांतील पुस्तके देणारे, २०१५ मध्ये सुरू झालेले स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळही उपयोगी आहे. तेथील पुस्तके छापून घेता येतात आणि स्वतः अनुवादितही करता येतात. दोन्ही ठिकाणी मिळालेले प्रत्येक पुस्तक मात्र तिसऱ्या पायरीपासून स्वतः तपासावे. यादी करणाऱ्याने आपला वर्ग पाहिलेला नसतो.

नववी पायरी: वर्गात आणल्यावर

या पुस्तकांसाठी वेगळी पेटी किंवा वेगळा फलक करू नये, आणि ती एखाद्या विशेष दिवसापुरती बाहेर काढू नयेत. पाऊस शिकवताना डबक्याचे पुस्तक, मोजणी शिकवताना आगगाडीचे पुस्तक अशी ती रोजच्या कामात मिसळून जावीत. काही पुस्तके मुखपृष्ठ दिसेल अशी उभी ठेवावीत आणि दर आठवड्याला बदलावीत, कारण पुस्तकाच्या कण्यावरचे, म्हणजे शिवणीच्या बाजूचे, नाव वाचून पुस्तक निवडणे लहान मुलांना जमत नाही.

वाचताना मुलांना बोलू द्यावे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानंतर संवादी वाचनाची पद्धत रूढ झाली: मोठ्या माणसाने खुले प्रश्न विचारायचे, मुलाचे उत्तर थोडे वाढवून परत द्यायचे आणि हळूहळू गोष्ट मुलाकडून सांगून घ्यायची. "यातून काय शिकलो" हा प्रश्न टाळून "ती आत्ता काय विचार करत असेल" असे विचारावे. एखादे मूल चित्राकडे पाहून "किती घाण दिसतो हा" असे म्हणाले, तर रागावून गप्प करू नये आणि ऐकले न ऐकलेसेही करू नये. त्या रंगाचे मूल वर्गात बसलेले असू शकते आणि ते शिक्षकाच्या चेहऱ्याकडेच पाहत असते. "मला तो तसा दिसत नाही. त्याचे केस कसे गुंफले आहेत पाहा, याला किती वेळ लागला असेल?" असे शांतपणे म्हणून सर्वांचे बोट चित्राकडे न्यावे, आणि बोलणाऱ्या मुलाशी नंतर एकट्याने बोलावे.

जुन्या, सर्वांच्या लाडक्या पुस्तकात अपमानकारक चित्र सापडले तर काय करावे, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतोच. पूर्वप्राथमिक वर्गातून ते पुस्तक काढावे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या वयात चर्चा विसरली जाते आणि चित्र राहते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांबरोबर मात्र तेच पुस्तक "हे चित्र असे का काढले असेल" या प्रश्नासह वाचता येते, आणि मुले आश्चर्य वाटावे इतकी बारीक निरीक्षणे सांगतात.

एखाद्या पुस्तकाला पालकांचा आक्षेप येऊ शकतो. त्यासाठी आपण पुस्तके कोणत्या निकषांवर निवडतो हे एका पानावर आधीच लिहून मुख्याध्यापकांशी बोलून ठेवावे. बालहक्कांविषयीच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील २९ व्या कलमात शिक्षणाने समजूतदारपणा, सहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता आणि सर्व लोकांमधील मैत्री यांसाठी मुलांना तयार करावे असे म्हटले आहे. त्या पानावर त्याचा उल्लेख जरूर करावा. आक्षेप घेणाऱ्या पालकांना संपूर्ण पुस्तक आपल्यासमोर बसून वाचण्याची विनंती करावी. अनेकदा आक्षेप एका पानाच्या छायाचित्रावरून घेतलेला असतो.

मोजणी पुन्हा करावी

वर्षअखेरीस तोच आखीव कागद काढून पुन्हा मोजावे. या वेळी एक रकाना वाढवावा: कोणते पुस्तक मुलांनी किती हाताळले. फाटलेले कोपरे, सुटलेली शिवण आणि बोटांचे डाग हे ज्या पुस्तकांवर आहेत ती खरोखर वाचली गेली आहेत, आणि कोरी राहिलेली पुस्तके का कोरी राहिली याचा शोध घ्यावा. कधी कारण पुस्तकात असते, कधी ते सर्वांत वरच्या फळीवर ठेवले गेलेले असते. वर्षभर वाचनकोपऱ्याजवळ एक छोटी वही ठेवावी. कोणत्या मुलाने कोणत्या पानावर बोट ठेवून "हा मी" किंवा "ही मी" असे म्हटले ते तारखेसह तीत टिपावे. ज्या मुलांची नावे त्या वहीत आलीच नाहीत, त्यांच्यापासून पुढील वर्षाच्या पुस्तकांची यादी सुरू करावी.